मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: रोबोच्या मोटरींवर आठ महिने वापरल्यानंतर

कानात घालायचा भाग डॉक्टरांच्यासारखाच, फक्त छातीला लावायच्या चकतीच्या जागी स्टीलची सळई. साडेतीनशे रुपयांना पडला. रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेत उतरणाऱ्या कॉलेजच्या टीमसाठी मी तो ऑगस्टमध्ये घेतला, तो नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या वाइंडिंगवाल्या (मोटरच्या तारा गुंडाळून देणाऱ्या) काकांमुळे. ते लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवून मोटर ऐकतात. एक मोटर 'गेली' म्हणून आम्ही त्यांच्याकडे नेली होती. दोन मिनिटं ऐकून त्यांनी ती परत दिली. "मोटर चांगली आहे गं, पुढचं बघा."

पुढचं म्हणजे गिअरबॉक्स. आमच्या रोबोच्या बेसला चार मेकॅनम चाकं (कडेला तिरके रोलर असलेली, रोबोला आडवंही नेणारी), प्रत्येकाला प्लॅनेटरी गिअरबॉक्सवाली (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाकं असलेली) १२ व्होल्टची डीसी मोटर. उजवीकडची मागची करकर करायची. अंदाजाने मोटर बदलून झाली होती, आवाज तसाच. स्टेथोस्कोप आल्यावर रोबो लाकडी ठोकळ्यांवर चढवला आणि सळई आधी मोटरच्या मागच्या झाकणावर टेकवली. एकसारखी सळसळ, म्हणजे ब्रश (वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) कम्युटेटरवर (मोटरबरोबर फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) घासल्याचा नेहमीचा आवाज. गिअरबॉक्सच्या तोंडाशी आणली तर चाकाच्या फेऱ्याबरोबर ठेक्यात खडखड! उघडून पाहिलं. एम३चे (तीन मिलिमीटर जाडीचे) स्क्रू सहा मिलिमीटर लांबीचे हवे होते, आम्ही दहाचे लावले होते. एका स्क्रूचं टोक आत घासून चकचकीत झालेलं, आणि ग्रीसमध्ये चंदेरी कीस. मोटर बदलली तरी स्क्रू तेच, मग आवाज जाणार कुठे? आता स्क्रूची लांबी मोजल्याशिवाय आमच्याकडे कोणी गिअरबॉक्स बसवत नाही.

सगळ्यात जास्त दिवस मात्र शिट्टीने खाल्ले. वेग कमी असला की चारही मोटरी कुंईऽ करायच्या. चारही एकदम बिघडतील कशा, ही शंका आधीच यायला हवी होती. यांत्रिक आवाजाची पट्टी वेगाबरोबर चढते. ही शिट्टी वेग वाढवला तरी त्याच पट्टीत राहायची. रोबो चालवणाऱ्या अर्डुइनो उनो बोर्डाच्या बहुतेक पिनांवर पीडब्ल्यूएम (वेग ठरवायला वीज झपाट्याने चालू-बंद करणं) साधारण ४९० हर्ट्झचं असतं, तेच वाइंडिंगमधून ऐकू येत होतं. बोर्डातल्या टायमरची सेटिंग बदलून ते २० किलोहर्ट्झवर नेलं आणि शिट्टी गेली. असं करण्याआधी तुमच्या मोटर ड्रायव्हरला (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणाऱ्या सर्किटला) एवढी फ्रीक्वेन्सी झेपते का, ते डेटाशीटमध्ये बघा; नाहीतर तो तापतो.

एक सवय लागली ती फार कामाची. मोटर सुटी करून फिरवायची आणि एकदम सप्लाय तोडायचा. आवाज त्याच क्षणी बंद झाला तर भानगड विजेची. मोटर थांबेपर्यंत रेंगाळला तर बेअरिंग, ब्रश नाहीतर काहीतरी घासतंय.

उणं काय? ब्रश आणि मागचं बेअरिंग एकाच टोकाला असतात, त्यामुळे दोघांतलं नक्की कोण ओरडतंय ते यातून कळत नाही. तिथे मी मल्टिमीटर लावून रिकाम्या फिरणाऱ्या मोटरचा करंट चांगल्या मोटरशी ताडून बघते. रबरी नळी चॅसीला घासली तरी कानात मोठी खरखर होते, नवख्याला तोच बिघाड वाटतो. आणि सळई धातूची आहे हे विसरू नका, टर्मिनलला लागली की शॉर्ट.

घ्यायचा असेल तर लांब सळईचाच घ्या. माझी आखूड आहे. रोबोच्या लिफ्टच्या (वस्तू वर उचलणाऱ्या भागाच्या) मोटरपर्यंत पोचायला वरची प्लेट काढावी लागते, आणि दोन मॅचच्या मध्ये तेवढा वेळ मिळत नाही.