जुन्या फोर्ड एफ-१५० चा हीटर कोअर: पितळी घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

हीटर कोअर म्हणजे केबिन गरम करणारी छोटी जाळी. इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) होजमधून, म्हणजे रबरी नळ्यांतून, तिच्यात फिरतं. १९८७ ते १९९६ च्या फोर्ड एफ-१५० पिकअपसाठी दोन जातींचे हीटर कोअर मिळतात. एक तांब्या-पितळेचा, डाख दिलेल्या सांध्यांचा. दुसरा ॲल्युमिनियमचा, हलका आणि बहुधा स्वस्त. आपल्याकडच्या गॅरेजात यालाच 'हीटर कॉइल' म्हणतात, आणि पुण्या-मुंबईत तो गळला तर दोन होज एकमेकांना जोडून मोकळेही होतात. अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीच्या मिनेसोटा राज्यात जानेवारीत ते चालत नाही, कारण समोरच्या काचेवरचं दव आणि बर्फ याच कोअरच्या गरम हवेने जातं.

आमची पसंती पितळी कोअरला आहे. उष्णता देण्यात दोघांमध्ये जाणवेल असा फरक नाही. फरक आहे नळीच्या तोंडाशी. ॲल्युमिनियमची नळी मऊ आणि पातळ. स्क्रूची क्लिप अर्धा आटा जास्त आवळली की ती चेपते आणि गळती तिथूनच सुरू होते. पितळी नळी हे सोसते, आणि सांधा सुटलाच तर रेडिएटरवाला डाख देऊन दुरुस्त करतो. ॲल्युमिनियमचा घ्यायचाच असेल तर स्प्रिंगच्या क्लिपा वापरा. गरम-थंड होताना त्या सारखाच दाब ठेवतात.

दुकानातच जुना आणि नवा कोअर शेजारी ठेवून पाहा. नळ्यांची लांबी आणि कोन तंतोतंत जुळायला हवेत. एक नळी ५/८ इंची, दुसरी ३/४ इंची असते, त्यामुळे होज उलटे लागण्याची भीती नाही. नवीन कोअरचं मोठं वैगुण्य म्हणजे भोवतीची फोमची पट्टी. ती बऱ्याचदा नसतेच, असली तर कागदासारखी पातळ. ती नसेल तर हवा कोअरच्या जाळीतून न जाता बाजूच्या फटीतून निघून जाते आणि नवा कोअर घालूनही केबिन कोमटच राहते. बंद छिद्रांचा चिकट फोम वेगळा घ्या आणि चारही कडांना लावा.

बसवण्याआधी एका नळीला बूच मारून दुसरीतून १० ते १५ पीएसआय (टायरची हवा मोजतात ते दाबाचं एकक) हवा भरा आणि कोअर पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला तर तसाच परत द्या. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडू नका, चांगला कोअरही फुटेल.

या गाडीत काम सोपं आहे, हेच तिचं भाग्य. इंजिन थंड असताना रेडिएटरमधून चारेक लिटर कूलंट काढा. फायरवॉलजवळचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचे) होज ओढून किंवा पिळून काढू नका. टोकाशी उभी चीर देऊन सोलून काढा. मग ग्लव्ह बॉक्स खाली उतरवा. मागे प्लास्टिकचं झाकण दिसेल, सातेक स्क्रूंचं. त्याला अडकवलेली व्हॅक्यूमची बारीक नळी आधी सोडवा, नाहीतर ती तुटते आणि मग हवा नको त्या झरोक्यातून येऊ लागते. झाकण निघालं की कोअर सरळ बाहेर सरकतो. खाली जाड टॉवेल घाला, कारण आत अर्धा-पाऊण लिटर कूलंट उरलेलं असतं. पोकळीतला पाला आणि उंदरांची घरटी याच वेळी साफ करा. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यामुळे झाकणाचे स्क्रू हाताने आवळा, मशीनने नको.

डॉज रॅमच्या १९९४ ते २००१ च्या पिढीत याच कामासाठी अख्खा डॅशबोर्ड मागे घ्यावा लागतो, आणि एसी असेल तर गॅसही मशीनने काढून घ्यावा लागतो. तिथे पाच-दहा डॉलर वाचवायला हलका कोअर घेणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

नवा कोअरही वर्षभरात गळला तर शिव्या कोअर बनवणाऱ्याला बसतात, पण दोष बहुधा कूलंटचा किंवा अर्थिंगचा असतो. जुनं कूलंट आम्लधर्मी होऊन धातू खातं. इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर वीज कूलंटमधून वाट काढते आणि पातळ ॲल्युमिनियमला आतून छिद्रं पाडते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, दुसरी रेडिएटरच्या कूलंटमध्ये बुडवा, धातूला न टेकवता. रेडिएटरची टोपी इंजिन थंड असतानाच काढा, मग इंजिन सुरू करून दिवे आणि पंखा लावा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर आधी पट्ट्या साफ करा, मग नवं कूलंट भरा. कोअरलाच अर्थिंग देण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, त्याने उलट वीज तिकडेच ओढली जाते.

काही फोर्ड गाड्यांत कोअरमध्ये जाणाऱ्या होजमध्ये प्रवाह मंदावणारा छोटा अडथळा बसवलेला असतो. जुन्या होजबरोबर तो कचऱ्यात जातो, आणि जोरात वाहणारं पाणी नळ्या आतून झिजवतं. होज टाकण्याआधी चाचपून पाहा.

भरताना हिरवं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, टोपी उघडी, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालू द्या. पातळी खाली गेली की भरत राहा. दोन्ही होज हाताला गरम लागले म्हणजे हवा निघाली. एक गरम आणि एक गार असेल तर हवा अडकली आहे किंवा गाळ.

गालिचा मात्र विसरू नका. त्यावरची ओल एसीच्या पाण्याची असेल तर ती स्वच्छ आणि बिनवासाची असते. कूलंट बुळबुळीत, गोडसर वासाचं, आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणं. खालचा फोम उचलून गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि उन्हात वाळवा, नाहीतर काचेवरचा तेलकट थर महिनोन् महिने येत राहील आणि कोअर पुन्हा गळतोय असंच वाटेल.