नऊ महिने एसक्यूलाइट: भाषा बदलली, फाईल तीच राहिली

आमचं काम प्रयोगशाळेतल्या नमुन्यांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. मूळ प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मधला. तो लिहायच्या साधनांचा सपोर्ट २००८ मध्येच संपला, पण प्रोग्राम चालत होता म्हणून कोणी हात लावला नाही. नऊ महिन्यांपूर्वी तो पायथनमध्ये आणायला घेतला आणि डेटासाठी एसक्यूलाइट हा छोटा, फुकट डेटाबेस निवडला. आजची भाषाही कधीतरी जाणार, हे धरूनच ही निवड केली होती.

निवडीमागचं मुख्य कारण फाईलचा फॉरमॅट. २००४ मध्ये आलेल्या आवृत्ती ३ ची फाईल आजचं एसक्यूलाइट उघडतं, आणि २०५० पर्यंत सपोर्ट देण्याचा इरादा ते बनवणाऱ्यांनी जाहीर केला आहे. सगळा डेटा एका फाईलमध्ये राहतो आणि जवळपास कुठल्याही भाषेतून वाचता येतो. कागदावर हे छानच वाटतं. प्रत्यक्षात खात्री पटली सहाव्या महिन्यात. अँड्रॉइडसाठी कोटलिन या भाषेत छोटं ॲप केलं, तीच फाईल फोनवर टाकली आणि पहिल्या फटक्यात सगळ्या नोंदी दिसल्या. कन्व्हर्टर नाही, एक्सपोर्ट नाही. त्या दिवशी खूप बरं वाटलं.

पण डेटा शाबूत राहिला म्हणजे हिशोब शाबूत राहतोच असं नाही, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथेच. दोन वाचनं २ आणि ३, सरासरी अडीच. जुना प्रोग्राम अहवालात ३ छापायचा. पायथनच्या राउंड या पूर्णांक करणाऱ्या फंक्शनने २ दिलं, कारण बरोब्बर मधोमध असलेली संख्या पायथन ३ जवळच्या सम आकड्याकडे नेतं. कोटलिनच्या तशाच राउंडटूइंट फंक्शनने अडीचचे ३ केले, पण उणे अडीचचे उणे २. जुन्या प्रोग्रामशी जुळायला आम्हाला हवे होते उणे ३. तिन्ही ठिकाणचा कोड दिसायला अगदी सरळ, वाचून चूक सापडलीच नसती. सापडली ती तपासणीच्या तक्त्यामुळे. जुना प्रोग्राम बंद करण्याआधी त्याच्याकडून ३४० उदाहरणं काढून घेतली होती: आत काय दिलं, बाहेर काय आलं. साधी सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळी केलेली मजकुराची फाईल. कुठलीही भाषा ती वाचू शकते, आणि प्रत्येक नवा कोड आधी तिच्यातून पास व्हावा लागतो. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची फाईल तीच, डेटाबेसपेक्षाही.

आता तक्रारी. कॉलममध्ये कुठल्या प्रकारचा (टाइपचा) डेटा जातो, याबाबत एसक्यूलाइट फार सैल आहे. पूर्णांकाच्या कॉलममध्ये कोणीतरी ‘१२ ग्रॅम’ लिहिलं आणि ते निमूट साठवलं गेलं. २०२१ च्या ३.३७ आवृत्तीपासून चुकीच्या टाइपचा डेटा नाकारणारी स्ट्रिक्ट टेबल आहेत, म्हणून आनंदाने ती लावली, तर जुन्या फोनमधलं एसक्यूलाइट ती फाईल वाचायलाच तयार होईना. जुनी फाईल नव्या आवृत्तीत उघडते, पण नव्या सोयी वापरलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. हा फरक मी आधी नीट लक्षात घ्यायला हवा होता. शेवटी स्ट्रिक्ट काढून प्रत्येक कॉलमला टाइप तपासणारी चेक अट घातली. ती सगळीकडे चालते. तारखेचा वेगळा टाइप नाही, म्हणून तारखा वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात ठेवल्या. क्रमाने लावायला काहीच अडचण आली नाही.

नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ही फाईल ठेवून अनेकांनी एकदम लिहू नये. आम्ही ठेवली होती. ‘डेटाबेस लॉक आहे’ हा संदेश दिवसातून दहादा यायला लागल्यावर मध्ये एक छोटी सेवा बसवली. आता फाईलला तीच हात लावते.

ट्रिगरमध्ये, म्हणजे डेटा बदलला की डेटाबेसच्या आतच आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, नियम लिहायचा मोह दोनदा झाला आणि दोन्ही वेळा आवरला, कारण उद्या डेटाबेस बदलायची वेळ आली तर नियम त्यात अडकून पडले असते. हिशोबाचे नियम वेगळ्या मॉड्यूलमध्ये आहेत आणि त्यात एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेची, एकही ओळ नाही. मुख्य नियम डेटाबेससारख्या बाहेरच्या गोष्टींपासून वेगळे ठेवणारी, सॉफ्टवेअरतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये मांडलेली पोर्ट आणि अडॅप्टरची रचना ती हीच.

सध्या ब्राउझरवर चालणारा भाग लिहायला घेतलाय, जावास्क्रिप्टमध्ये. पहिल्याच दिवशी तक्ता चालवला, तर उणे अडीचची ओळ इथेही अडकली.