बार्सिलोनाचे बीच: बार्सेलोनेतावरच अडकू नका, पुढे चालत जा

बार्सिलोनाला आलेले आपले बहुतेक लोक एकच बीच बघतात, बार्सेलोनेता, आणि मग म्हणतात की छे, नुसती गर्दी, विकणारे डोकं खातात, पाण्यात जायचं तर सामानाकडे कोण बघणार. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण त्याच किनाऱ्याने अर्धा तास चालत गेलं की इतकं सुंदर पोहायला मिळतं की दुपार कशी गेली कळत नाही. मी इथेच राहते, उन्हाळाभर जमेल तेव्हा पाण्यात असते, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना बीचवर न्यायचं काम आपसूक माझ्याकडे येतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधी नकाशा डोक्यात बसवा. शहराचा किनारा साधारण साडेचार किलोमीटरचा आहे. बंदराच्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे ते शिडासारखं मोठं हॉटेल दिसतं ना तिथून, की ओळीने सांत सेबास्तिया, सांत मिगेल, बार्सेलोनेता, सोमोरोस्त्रो, मग मध्ये ऑलिम्पिक बंदर, त्याच्या पलीकडे नोव्हा इकारिया, बोगातेल, मार बेया, नोव्हा मार बेया आणि शेवटी लेव्हांत. मध्ये मध्ये दगडी बांध घातलेत, त्यांनी एक बीच संपून दुसरा सुरू होतो. यातलं बरंचसं माणसांनी बनवलेलं आहे. १९९२ च्या ऑलिम्पिकआधी, आजच्या ऑलिम्पिक बंदराच्या पलीकडच्या या सगळ्या पट्ट्यात कारखाने, गोदामं आणि रेल्वेचे रूळ होते, तिथे पोहायला जायचा विचारही कोणी करत नसे. ते सगळं हलवून वाळू आणून टाकली, आणि आजही वादळ झालं की ती वाहून जाते. जानेवारी २०२० मध्ये ग्लोरिया वादळ आलं तेव्हा तर किनाऱ्याची पार दैना झाली होती. त्यामुळे जुना फोटो बघून येऊ नका, एखादा बीच दोन वर्षांपूर्वी रुंद होता म्हणजे आजही असेलच असं नाही. भरती-ओहोटीची मात्र काळजी नको, भूमध्य समुद्रात ती इतकी कमी असते की टॉवेल कुठे टाकायचा याचा हिशोब करावा लागत नाही.

आता बार्सेलोनेता. मेट्रोची पिवळी लाईन, म्हणजे एल ४, बार्सेलोनेता स्टेशनला उतरायचं आणि गर्दीच्या मागे चालत राहायचं, चुकायचा प्रश्नच नाही, आणि तोच प्रॉब्लेम आहे, कारण सगळेच तिथे जातात. जुलै-ऑगस्टमध्ये अकरानंतर टॉवेलला टॉवेल लागलेला असतो. दर दोन मिनिटांनी कोणीतरी "सेर्वेसा, बीअर" करत येतो, मागोमाग मोहितोचा ट्रे, मग चादरी, मग मसाज. त्या ट्रेमधलं काही घेऊ नका, ते कुठे बनवतात आणि बर्फ कुठून येतो याचा काही पत्ता नसतो, शिवाय तसं विकणं बेकायदेशीर आहे. आणि चोऱ्या. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे म्हणून स्पष्ट लिहिते: पाकीट, पासपोर्ट, फोन वाळूवर ठेवून सगळे एकदम पाण्यात जाऊ नका. माझ्या मैत्रिणीची बॅग ती उशाला घेऊन झोपलेली असताना गेली, तिला कळलंही नाही. पासपोर्ट रूमवर ठेवा, एक कार्ड आणि थोडे युरो वॉटरप्रूफ पाऊचमध्ये गळ्यात घाला आणि तसंच पोहा.

एवढं बोलले तरी बार्सेलोनेता पूर्ण बाद नाही हां. सकाळी आठच्या आत जा. हा किनारा साधारण आग्नेयेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो, पाणी शांत असतं, आणि वस्तीतली म्हातारी मंडळी रोजच्यासारखी डुबकी मारून घरी निघालेली असतात. मागची वस्ती १७५३ मध्ये बांधायला घेतलेली, मच्छीमारांची आणि खलाशांची, अरुंद सरळ गल्ल्या, वर वाळत घातलेले कपडे, ती बघायलाही हीच वेळ चांगली. तिथली बोंबा फेमस आहे, तळलेला बटाट्याचा गोळा, पण आत मांस असतं, शाकाहारी असाल तर ऑर्डर करायच्या आधी विचारा. किनाऱ्यालगतच्या मोठ्या टेरेसवाल्या हॉटेलांमध्ये जेवण मी टाळते, बाहेर फोटो लावलेला पाएया आत जसाच्या तसा येत नाही आणि बिल बघून तोंड उतरतं.

सोमोरोस्त्रो म्हणजे बार्सेलोनेताचंच पुढचं टोक, गर्दीही तीच. पण तिथून जाताना एवढं माहीत असू द्या की या जागी १९६६ पर्यंत मोठी झोपडपट्टी होती आणि फ्लामेंको नर्तिका कार्मेन आमाया तिथलीच. आज तिथे महागडी रेस्टॉरंट आणि क्लब आहेत, रात्री गाणी जोरात असतात. लहान मुलं बरोबर असतील तर संध्याकाळनंतर थांबू नका. पुढे गेलं की वास्तुविशारद फ्रँक गेरींचं ते सोनेरी माशाचं मोठं शिल्प, १९९२ चंच, उन्हात लखलखतं. ते ओलांडलं की ऑलिम्पिक बंदराच्या मागून पुढे निघायचं, आणि खरी मजा तिथून पुढे आहे.

नोव्हा इकारिया मी घरच्यांसाठी निवडते. मेट्रो सिउतादेया व्हिला ओलिंपिका, तिथून दहा-बारा मिनिटं सपाट रस्ता, बीचवर रॅम्प, वाळूवर लाकडी पट्ट्या टाकलेल्या, टॉयलेट, शॉवर सगळं जवळ. दोन्हीकडे आडोसा असल्याने लाटा कमी लागतात. आणि इथली एक सोय अशी आहे की जिच्यासाठी मी या शहराचे मनापासून आभार मानते. ज्यांना चालता येत नाही किंवा गुडघे साथ देत नाहीत त्यांना पाण्यात नेण्यासाठी इथे उन्हाळ्यात माणसं असतात, आणि त्यांच्याकडे जाड फुग्यासारख्या चाकांची, दोन्ही बाजूंना तरंगणारे हात असलेली खास खुर्ची असते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना घेऊन गेले. गुडघ्यांमुळे त्या कित्येक वर्षं समुद्रात उतरल्या नव्हत्या, नको गं, लोक बघतील, म्हणत होत्या. दोन तरुण मुलांनी त्यांना बसवलं, पट्टा लावला, मी म्हटलं, "आई, घट्ट धरा हं," आणि खुर्ची सरळ लाकडी वाटेवरून पाण्यात. कंबरेइतकं पाणी आलं तशी ती आपोआप तरंगायला लागली, पोरं दोन्ही बाजूंनी धरून होती, एक लाट आली आणि आईंच्या चष्म्यावर पाणी उडालं तर त्या मोठ्याने हसल्या आणि मला म्हणाल्या, "अजून जरा आत घ्या म्हणून यांना सांग ना." पैसे काही द्यावे लागले नाहीत. जूनच्या सुरुवातीला आणि सीझन संपताना वेळा कमी असतात, त्यामुळे जायच्या आधी नगरपालिकेच्या साईटवर बघून घ्या.

त्याच्या पुढचा बोगातेल हा माझा आवडता, पोहणाऱ्यांचा बीच. बोगातेल किंवा याकुना मेट्रो, दहा मिनिटं चाल. इथे इथलेच लोक जास्त दिसतात, सकाळी धावणारे, वाळूत व्हॉलीबॉल खेळणारे, आणि पाण्यात एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लांबी मारणारे. पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयांच्या (खुणेच्या फुग्यांच्या) आतच पोहा, बाहेर बोटी आणि जेटस्की असतात. पाणी पटकन खोल होतं, चार-सहा पावलांत छातीपर्यंत येतं, मला ते आवडतं कारण लगेच पोहायला मिळतं, पण ज्यांना पोहता येत नाही आणि नुसतं पाण्यात उभं राहायचंय त्यांनी नोव्हा इकारियालाच थांबावं. झेंड्याकडे बघायची सवय लावा: हिरवा ठीक, पिवळा जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही, आणि हे नियम इथे लोक पाळतात. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, छत्री नीट खोल रोवा, नाहीतर शेजारच्याच्या अंगावर जाते.

मार बेयाबद्दल आधीच सांगून ठेवते म्हणजे कोणी गोंधळणार नाही. इथे एका भागात लोक कपड्यांशिवाय असतात, ती ठरलेली जागा आहे, आणि तिथे कोणी कोणाकडे बघतही नाही. हा बीच गे कम्युनिटीचाही आवडता आहे, वातावरण एकदम मोकळं आणि छान. एकूणच इथल्या सगळ्या बीचवर बायका टॉपलेस असणं अगदी नॉर्मल आहे, त्यामुळे फोटो काढताना भान ठेवा, अनोळखी माणसं फ्रेममध्ये घेऊ नका. उलट बाजूने, ओल्या स्विमसूटवर शहरात हिंडलात तर दंड होऊ शकतो, बीच सोडताना वर काहीतरी चढवा. सिगारेट ओढायला २०२२ पासून शहरातल्या सगळ्या बीचवर बंदी आहे, आणि त्याने वाळूत खरंच फरक पडलाय. शिडाची बोट किंवा कयाक शिकायचं असेल तर मार बेयाचंच केंद्र आहे. नोव्हा मार बेया तरुण पोरांचा, लेव्हांतला सीझनमध्ये कुत्र्यांसाठी वेगळी जागा आहे, एवढं पुरे. त्याच्या पुढे फोरम पार्कजवळ सिमेंटचा पोहायचा भाग आहे, वाळू अजिबात नाही, ज्यांना वाळूचा त्रास होतो त्यांना तो आवडतो.

कधी यायचं? पाणी ऑगस्टमध्ये पंचवीस-सव्वीस डिग्री असतं, मे महिन्यात सतरा-अठरा, म्हणजे मेमध्ये ऊन बघून उडी मारलीत तर श्वास अडकेल. माझ्या मते सप्टेंबर सगळ्यात उत्तम, पाणी अजून कोमट, गर्दी निम्मी. फक्त सप्टेंबरात जोराचा पाऊस येतो, आणि पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोहू नका, कारण इथे सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून जातं, मोठी सर आली की ते भरून समुद्रात येतं. शहराने जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्यात तरी सगळं पाणी त्यात मावत नाही. २३ जूनची सांत जोआनची रात्र, शेकोट्या, फटाके, सगळं शहर वाळूवर, ती जरूर अनुभवा, पण २४ ला पोहायचा प्लॅन ठेवू नका. जेलीफिशचा झेंडा लागला तर ऐका, आणि चावलीच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, बाटलीतल्या गोड्या पाण्याने नाही, चोळायचं तर मुळीच नाही, आणि लाईफगार्डकडे जा.

ज्यांच्याकडे अख्खा दिवस आहे त्यांना मी शहराच्या बाहेर पाठवते. आर १ लोकल प्लासा कातालुन्याहून पकडा, उत्तरेकडे जाताना समुद्राच्या बाजूची खिडकी धरा. बार्सिलोना ते मातारो हीच ती लाईन, १८४८ मध्ये सुरू झालेली, स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली रेल्वे, आणि अजूनही रूळ आणि पाणी यांच्यात काही ठिकाणी नुसती भिंत आहे. ओकाताला उतरलं की स्टेशनच्या समोरच बीच, रुंद, पिवळसर वाळू, पाणी शहरापेक्षा कितीतरी स्वच्छ. अगदी लहान मुलं असतील तर उलट दिशेला, आर २ साऊथने प्लात्जा दे कास्तेलदेफेल्स, तिथे लांबपर्यंत पाणी गुडघ्याएवढंच, आणि वरून विमानं जाताना दिसतात त्यामुळे पोरं दुप्पट खूश. रविवारी संध्याकाळी परतीच्या गाड्या तुडुंब असतात, पाचच्या आत निघा नाहीतर मग सरळ आठनंतर.

या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या शहरांतही बीच निवडताना मी आधी पायाखाली काय आहे ते बघते. फ्रान्समधल्या नीसचा समुद्र त्या निळ्या रंगासाठी बघावाच असा आहे पण तिथे वाळू नाही, सगळे गोल गोटे, अनवाणी चालता येत नाही आणि काठालाच खोल होतं, रबरी बूट घेऊन जा. वालेन्सियाची मालवारोसा त्याच्या अगदी उलट, प्रचंड रुंद वाळू, पाणी उथळ, शहरातून ट्रॅमने जाता येतं, पण दुपारी वाळू इतकी तापते की पाण्यापर्यंत चप्पल घालूनच जावं लागतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आणि पिल्लांना घेऊन वालेन्सिया, पोहता येतं आणि पाय दणकट आहेत तर नीस.

बार्सिलोनात बोगातेलवरून परतताना लगेच मेट्रोत शिरू नका, राम्ब्ला देल पोब्लेनोऊने वर चालत या. तिथे १९१२ पासूनचं एल तिओ चे नावाचं दुकान आहे, ओर्चाता प्या, चुफाच्या कंदांपासून बनवतात, दूध अजिबात नाही, थंडगार आणि गोड, पोहून आल्यावर दुसरं काही सुचत नाही. मोठा ग्लास सांगा, छोटा पुरत नाही.