चुका छापणारा प्रिंटर: अकरा महिने वापरल्यानंतर

आमची सई सुझौच्या सरकारी शाळेत पाचवीत शिकते. शांघायपासून शंभरेक किलोमीटरवरचं हे शहर. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षांपूर्वी सांगली सोडून इथे आलो. इंटरनॅशनल शाळेची फी झेपणारी नव्हती, म्हणून तिला पहिलीपासून इथल्याच मुलांबरोबर घातलं. त्याआधी सांगलीत मी सात वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवायचे. एवढं आधी सांगते, कारण ही वस्तू चीनबाहेर फारशी कुणाला माहीत नाही, आणि तिची गरज का पडते हे इथली शाळा पाहिल्याशिवाय समजत नाही.

तळहातावर मावेल एवढा प्रिंटर आहे. शाई लागत नाही. दुकानातल्या बिलाचा असतो तसला गुळगुळीत कागदाचा रोल आत बसतो आणि उष्णतेने अक्षरं उमटतात. पेपरात चुकलेल्या गणिताचा मोबाईलवर फोटो काढायचा, ब्लूटूथने पाठवायचा, की ५७ मिलिमीटर रुंदीची पट्टी सरसर बाहेर येते. ती वहीत चिकटवायची. मला ३२९ युआनला पडला, सोबत तीन रोल मिळाले. कंपनीचं नाव देत नाही, कारण पाचसहा कंपन्यांचे जवळपास सारखेच प्रिंटर मिळतात आणि मी एकच वापरला आहे.

पट्टी चिकटवायची ती वही म्हणजे 'त्सुओ-थी-पन', चुकलेल्या प्रश्नांची वही. सईच्या वर्गात तिसरीपासून ती सक्तीची आहे. डावीकडे प्रश्न, त्याखाली आपण केलेली चूक, ती का झाली याची एक ओळ, उजवीकडे बरोबर रीत. आठवड्याने तोच प्रश्न न बघता पुन्हा सोडवायचा. शिवाय चुकलेलं गणित दुरुस्त करून बाईंना पुन्हा दाखवायचं, मगच त्यावर लाल टिक मिळते. सांगलीत मी पेपर तपासून परत द्यायचे, मुलं गुण बघायची, पेपर दप्तरात जायचा आणि विषय संपायचा. त्या मुलांच्या चुकांचं पुढे काय झालं, हे मी सात वर्षांत कधी विचारलं नाही. ती रुखरुख अजून आहे.

प्रिंटर पहिल्यांदा पाहिला तो खालच्या मजल्यावरच्या आजींकडे. त्यांचा नातू सातवीत. सून आणि मुलगा दोघंही उशिरा घरी येतात, त्यामुळे शाळेतून आणणं, खाऊपिऊ घालणं, अभ्यासाला बसवणं सगळं आजींकडे. इथे शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहिलं, तर निम्म्याहून जास्त आजीआजोबाच दिसतात. आजी नातवाच्या चुका स्वतः उतरवून काढायच्या. रात्री चष्मा लावून, पट्टीने त्रिकोण आखून, कोनांना नावं देऊन. म्हणाल्या, "सईची आई, तो दहाला झोपतो आणि मी अकरापर्यंत भूमिती करते." (इथेही आईला मुलाच्या नावानेच हाक मारतात, अगदी आपल्यासारखी.) सुनेने हा प्रिंटर आणून दिला आणि त्यांची रात्र सुटली. आकृतीसाठी प्रिंटर खरोखर उपयोगाचा आहे, यात मला शंका नाही. सईला एक आकृती उतरवायला दहा मिनिटं लागायची आणि उतरवताना हटकून एखादं माप राहून जायचं.

आता याचा खरा उपयोग मला कुठे झाला, ते सांगते.

गेल्या शरद सत्रात सईचं एक गणित चुकलं. १०० मीटर लांबीच्या रस्त्याच्या एका बाजूला दर ५ मीटरवर झाड लावायचं, दोन्ही टोकांना झाड हवं, तर किती झाडं? तिने २० लिहिलं, उत्तर २१. वहीत कारण लिहिलं, 'निष्काळजीपणा'. दोनेक आठवड्यांनी दुसरं: पहिल्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर जायला ४८ सेकंद लागतात, तर एक मजला चढायला किती? तिने ४८ भागिले ४ केलं, १२. उत्तर १६. कारण पुन्हा 'निष्काळजीपणा'. मग डिसेंबरात ओंडक्याचं आलं: पाच तुकडे करायचे, एका कापाला ३ मिनिटं. तिने १५ लिहिलं, हवे होते १२.

एका रविवारी पट्ट्या चिकटवायच्या राहिल्या होत्या म्हणून आम्ही त्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. झाड, जिना आणि ओंडका शेजारी शेजारी आले. सई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, ही तिन्ही एकच आहेत ना?" मी तिला पंजा पुढे करायला सांगितलं. बोटं पाच, फटी चार. तिने तिन्ही ठिकाणचा 'निष्काळजीपणा' खोडला आणि लिहिलं, 'मी बोटं आणि फटी यांत गल्लत केली.' वहीच्या वेगवेगळ्या पानांवर हाताने लिहिलेली असती, तर ही तीन गणितं एकमेकांशेजारी आलीच नसती. पट्टी सुटी असते, हलवता येते, हा या वस्तूचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण. जाहिरातीत त्याबद्दल एक शब्द नाही.

जाहिरातीत आहे ते हस्ताक्षर पुसण्याचं. अ‍ॅप फोटोतलं मुलाचं पेन्सिलीचं अक्षर ओळखून काढून टाकतं आणि प्रश्न कोरा छापतं. विक्रेता हेच कौतुकाने दाखवतो. माझं मत उलट आहे. ते २० पुसलं गेलं असतं, १२ आणि १५ पुसले गेले असते, तर टेबलावर तीन स्वच्छ प्रश्न पडले असते आणि सईला त्यांत काहीच दिसलं नसतं. चूक कशी झाली हे त्या चुकीच्या आकड्यातच असतं. म्हणून आम्ही प्रत्येक प्रश्न दोनदा छापतो: वहीसाठी पुसण्याची सोय बंद ठेवून, आणि आठवड्यानंतरच्या फेरीसाठी कोरा. कागद दुप्पट लागतो, लागू दे. एकदा सईच्या सांगलीच्या आज्जीबरोबर व्हिडिओ कॉलवर सोडवायला म्हणून बालभारतीच्या पुस्तकातलं एक गणित छापलं, तर पुसण्याच्या नादात अ‍ॅपने शिरोरेषाच हस्ताक्षर समजून काढून टाकली. देवनागरी छापायची असेल, तर ती सोय आधी बंद करा.

आज्जीने त्याच कॉलवर विचारलं, "चुका कशाला गं जपून ठेवायच्या?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर मला इथे येऊन मिळालं. मिशिगन विद्यापीठाच्या हॅरॉल्ड स्टीव्हन्सन यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेचं मिनिआपोलिस, जपानचं सेंदाई आणि तैवानचं तैपेई या शहरांतल्या मुलांची आणि त्यांच्या आयांची तुलना केली होती. अमेरिकन आया उपजत बुद्धीला जास्त महत्त्व देत होत्या, आणि मुलांच्या प्रगतीवर जास्त समाधानीही होत्या. तैपेई-सेंदाईच्या आया कष्टाला जास्त महत्त्व देत होत्या. आपल्याकडे 'हिला गणिताचं डोकंच नाही' हे वाक्य किती सहज निघतं, आणि पालकसभेत मीही ते कितीदा ऐकून घेतलं आहे. डोकंच नाही म्हटलं की चुकांची वही ठेवायचं कारणच उरत नाही.

पण इथलं सगळं गोड आहे, असं मी म्हणणार नाही. सुझौ ज्या च्यांगसू प्रांतात आहे तो प्रांत, बीजिंग, शांघाय आणि चच्यांग या चौघांनी मिळून २०१८च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात ५९१ गुण मिळवले. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी ४८९ होती. त्याच चाचणीत 'आपल्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात' या प्रश्नावर इथली मुलं सरासरीच्या खाली होती. नववीनंतरच्या परीक्षेवर साधं उच्च माध्यमिक की व्यवसाय शाळा हे ठरतं, आणि त्याची धास्ती चौथी-पाचवीतच घरात शिरते. जुलै २०२१मध्ये सरकारने गृहपाठ आणि शिकवण्या दोन्हींवर लगाम घातला. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही, तिसरी ते सहावीला सरासरी ६० मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि गृहपाठ तपासण्याचं काम पालकांवर टाकायचं नाही. सईच्या शाळेत हे पाळतात. पण चुकांची वही त्या ६० मिनिटांत धरायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरतं, आणि प्रिंटर आला की 'आणखी चार छापू' असं होतं. मार्चमध्ये मीच एका संध्याकाळी चौदा पट्ट्या काढल्या. सई काही बोलली नाही, कात्री घेऊन गुपचूप कापत बसली. तेव्हापासून आठवड्याला पाच, त्याही तिने निवडलेल्या.

दोष सांगायला हवेत. पहिला, रुंदी. ५७ मिलिमीटरमध्ये शाब्दिक गणित बसवलं की अक्षर मुंगीएवढं होतं. चीनच्या आरोग्य खात्याने २०१८ साली मुलांमधल्या लघुदृष्टीचं, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचं प्रमाण ५३.६ टक्के सांगितलं होतं. शाळेत रोज डोळ्यांभोवती बोटांनी दाबून करायचा व्यायाम होतो, गृहपाठ शक्यतो कागदावरच द्यायचा हा नियमही त्याच काळजीपोटी आला. अशा देशात मुलांसाठीच्या वस्तूत एवढं बारीक अक्षर पाहून मला राग आला. आता पट्टी आडवी छापते, म्हणजे अक्षर मोठं येतं पण पट्टी हातभर होते. आज घ्यायचा असता, तर रुंद कागदाचाच घेतला असता.

दुसरा, अक्षरं उडतात. चौथीची वही उन्हाळ्यात खिडकीशी राहिली. सप्टेंबरात उघडली तर पहिल्या काही पानांवर नुसते पिवळट कागद. सईने शेजारी हाताने लिहिलेली कारणं तेवढी शिल्लक होती. ओला गोंद आणि चिकटपट्टीनेही अक्षर फिकं पडतं. मागून चिकट असलेला रोल मिळतो, तो घ्या आणि वही कपाटात ठेवा. बिस्फेनॉल हे अपायकारक मानलं जाणारं रसायन नसलेला कागदच मागा. मुलांचे हात दिवसभर त्यावर असतात.

तिसरा, अ‍ॅप. फोटो काढला की प्रश्नाखाली तयार उत्तर दाखवायची सोय त्यात आहे, आणि तशाच आणखी प्रश्नांसाठी वर्गणी भरा म्हणून सारखी आठवण येते. फोटो काढून उत्तर शोधणं ही वाईट सवय आहे, असं २०२१च्या त्याच सरकारी आदेशात स्पष्ट लिहिलं आहे. आमच्याकडे फोटो मी काढते, मोबाईल सईच्या हातात देत नाही.

इथे 'क्वान' असा एक शब्द आहे. त्यात धाक आहे, लक्ष ठेवणं आहे आणि मायाही आहे. मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी १९९४ साली याच शब्दावरून दाखवलं की पाश्चात्त्य मोजपट्टीवर जे नुसतं हुकूमशाही पालकत्व दिसतं, त्यात चिनी मुलाला आपली काळजीही दिसते. खालच्या आजी नातवाच्या आकृत्या रात्री उतरवायच्या ते क्वान होतं. प्रिंटर आल्यावर त्या लवकर झोपायला लागल्या नाहीत, तर नातवाशेजारी बसायला लागल्या. भूमिती त्यांना येत नाही. तो सोडवताना मोठ्याने सांगतो आणि त्या ऐकतात.

चीनमधल्या शाळेत मूल असेल, तर चौथीनंतर जरूर घ्या, रुंद घ्या. चिनी अक्षरांच्या चुका मात्र छापू नका, त्या हातानेच गिरवायला हव्यात. पुण्या-सांगलीहून कुणी मागवणार असेल तर थांबा: अ‍ॅप चिनी भाषेत आहे, आणि चाळीस पानी वही, कात्री आणि जुन्या पेपरची झेरॉक्स यात तेवढंच काम होतं. माझ्या जुन्या शाळेतल्या एका मैत्रिणीने सहावीच्या वर्गात असं सुरू केलं आहे. मुलांना तिने पहिल्या दिवशी एकच सांगितलं, खोडरबर आणायचा नाही.