गडद रंगाखालचा पोकळ पंख : हाती बांधलेले जुने विमान घेताना झालेली माझी फसवणूक

नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या राज्यातील एका व्यक्तीकडून मी ‘लाँग-ईझी’ जातीचे, सुटे करून ठेवलेले एक जुने विमान ११ लाख ४० हजार रुपयांना विकत घेतले आणि त्या व्यवहारात माझी पूर्णपणे फसवणूक झाली. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे विक्रेत्याचे नाव आणि गाव मी येथे लिहीत नाही. परंतु माझ्यानंतर आणखी दोघांना त्याच व्यक्तीने अशाच दुसऱ्या विमानाची छायाचित्रे पाठवल्याचे मला समजले आहे, आणि त्या दोघांपैकी एकाने तर विसार देण्याची तयारीही केली होती. म्हणून, मला काय दाखवण्यात आले आणि प्रत्यक्षात काय निघाले, ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे यंत्रकामाचे वर्कशॉप आहे. बिडाचे आणि ॲल्युमिनियमचे सुटे भाग, त्यांचे पॅटर्न आणि मशिनिंग हे काम मी पस्तीस वर्षांहून अधिक काळ करत आलो आहे. विमानाची ओढ मात्र त्याआधीची. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कोठेही न उतरता आणि वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीला प्रदक्षिणा घातली, तेव्हा वर्तमानपत्रातील त्या विमानाचे चित्र मी कापून वहीत चिकटवले होते. त्या विमानाचे रचनाकार बर्ट रुटान यांनीच त्याआधी हौशी माणसाला स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधता येतील अशी ‘व्हॅरी-ईझी’ आणि ‘लाँग-ईझी’ ही विमाने आखली होती. लहान पंख नाकाजवळ, मोठे पंख मागे, आणि इंजिन व पंखा (प्रोपेलर) सर्वांत शेवटी, अशी ही कॅनार्ड रचना असते. वजनाचा तोल मर्यादेत असेल तर वेग कमी होताना पुढचा पंख आधी उचल सोडतो, नाक आपोआप खाली येते आणि मोठे पंख उडतेच राहतात. तोल ठरलेल्या मर्यादेपेक्षा काही इंच जरी मागे गेला, तरी हे संरक्षण संपते. इतक्या सूक्ष्म हिशेबावर उभ्या असलेल्या वस्तूत कोणी लबाडी करेल, ही कल्पनाच मला शिवली नव्हती.

या विमानाची बांधणी समजून घेतल्याशिवाय फसवणूक कशी झाली ते कळणार नाही. पंखाचा गाभा निळसर पॉलिस्टायरीन फोमचा असतो. तापलेल्या तारेने तो फोम हव्या त्या आकारात कापतात आणि त्यावर काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, कापडाचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून चढवतात. साचा लागत नाही, आणि म्हणूनच हे काम घरी करता येते. परंतु एकदा वरचा थर वाळून त्यावर पुट्टी आणि रंग बसला, की आत कापडाचे किती थर आहेत, ते कोणत्या दिशेने टाकले आहेत, रेझिन कोणते वापरले आहे, यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. बिडाच्या कास्टिंगमध्ये पोकळी असेल तर मशिनवर चढवताच ती उघडी पडते. फायबर मात्र तुटेपर्यंत गप्प राहते. माझी सगळी पारख धातूची होती आणि फायबरचीही तशीच असेल असे मी गृहीत धरले. विक्रेत्याने नेमका याच अज्ञानाचा फायदा घेतला.

विमान पाहण्यासाठी मी आणि माझा भाचा गेलो, तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. दुपारी बोलावून विक्रेत्याने आम्हाला तीन तास बसवून ठेवले होते. पत्र्याच्या शेडमध्ये एकच ट्यूबलाइट होती. पंख भिंतीला टेकवून, एकमेकांवर गादीचे तुकडे टाकून रचलेले होते आणि संपूर्ण विमानाला चकचकीत गडद मरून रंग दिलेला होता. भाच्याने पंखावर बोटाने टिचकी मारून पाहताच विक्रेता म्हणाला, “राहू द्या, रंग ताजा आहे, टवका जाईल.” हे विमान परदेशात बांधलेले आहे, तेथे ते अनेक वर्षे उडाले आहे, इंजिनाचे ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, होऊन ते फक्त चाळीस तास चालले आहे आणि पुढचा पंख सुधारित नमुन्याचा आहे, असे त्याने सांगितले. कागदपत्रे ‘एजंटकडून आठवड्याभरात’ मिळणार होती. रविवारी हैदराबादचे दुसरे गिऱ्हाईक येणार आहे, असेही त्याने दोनदा बजावले. मी त्याच रात्री दोन लाख रुपये विसार दिला आणि उरलेली रक्कम माल ट्रकमध्ये चढण्यापूर्वी चुकती केली. विसारपावतीत ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ हे शब्द होते. ते मी वाचले होते, पण त्यांचे वजन मला कळले नव्हते.

तो मरून रंग हाच खरे तर पहिला इशारा होता. इपॉक्सी आणि फोम दोन्ही उष्णतेने मऊ पडतात, त्यामुळे उन्हात उभ्या राहणाऱ्या अशा विमानाला पांढराच रंग द्यावा, असे रुटान यांच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलेले आहे. ज्याने हे विमान खरोखर नीट सांभाळले असते, त्याने त्याला गडद रंग कधीच दिला नसता. गडद रंग आणि त्याखालचा पुट्टीचा जाड थर हे सांधे झाकण्यासाठी होते.

माल कोल्हापुरात उतरल्यावर गडहिंग्लजचे, हवाई दलातून एअरफ्रेम फिटर म्हणून निवृत्त झालेले एक परिचित अण्णा तो पाहायला आले. त्यांनी खिशातून जुने, जाड पाच रुपयांचे नाणे काढले आणि उजव्या पंखावर मुळापासून टोकाकडे, दर दोन बोटांवर, हलक्या हाताने वाजवत नेले. सगळीकडे एकसारखा, कोरडा टक-टक आवाज येत होता. मग ते डाव्या पंखाकडे वळले. मुळापासून हातभर अंतरावर आवाज एकदम बसला, ओल्या पुठ्ठ्यावर वाजवावे तसा. ते थांबले, पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले आणि खडूने कडेकडेने रेघ ओढत त्यांनी जवळजवळ ताटाएवढा वेडावाकडा आकार काढला. “मालक, हितं अंगठा दाबून बघा,” ते म्हणाले. मी दाबला. रंगाला केसाएवढी चीर पडली आणि पृष्ठभाग आत गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे चौकोनी खिडकी कापली. वरून चार मिलिमीटर पुट्टी निघाली, तिच्याखाली दोन थर चटईसारखे स्वस्त फायबर आणि त्याखाली काहीच नव्हते. निळा फोम वितळून कडेला चिकट, पिवळट पापुद्र्यासारखा जमला होता आणि कापताक्षणी रेझिनचा उग्र वास सुटला. अण्णांनी वासावरून ओळखले की दुरुस्ती इपॉक्सीने नव्हे, तर बोटी आणि पाण्याच्या टाक्यांसाठी वापरतात त्या पॉलिस्टर रेझिनने केलेली होती. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि ते पॉलिस्टायरीन फोम विरघळवते. म्हणजे ज्याने ही ‘दुरुस्ती’ केली, त्याने मोडलेला पंख आतून खाऊन टाकला आणि वरून घासून गुळगुळीत केला. हा पंख घेऊन कोणी उडाले असते तर काय झाले असते, हा विचार अजूनही मला रात्री जागे करतो. पैशांपेक्षा याच गोष्टीचा मला अधिक राग आहे.

त्यानंतर प्रत्येक भाग तपासला. दोन्ही पंख फाउंड्रीतील वजनकाट्यावर ठेवले, तर त्यांत सात किलोंचा फरक निघाला. संपूर्ण लाँग-ईझीचे रिकामे वजन साधारण ३२० किलो असते, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचा अर्थ कळतो. पुढच्या पंखावर आराखड्यातील साचापट्टी लावून पाहिली, तेव्हा तो सुधारित नमुन्याचा नसून मूळ ‘जीयू’ छेदाचाच (छेद म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार) असल्याचे दिसले. पावसाच्या थेंबांनी पृष्ठभाग खडबडीत झाला की या जुन्या छेदाची उचल घटते आणि नाक खाली झुकू लागते. म्हणूनच जॉन रॉन्झ यांनी आखलेला नवा छेद पुढे स्वीकारला गेला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

इंजिन लायकोमिंग ओ-२३५ होते. येथे तरी माझे हत्यार माझ्या हातात होते. पंखा ज्यावर बसतो त्या क्रँकशाफ्टच्या फ्लँजवर (टोकाच्या तबकडीवर) डायल इंडिकेटर, म्हणजे बारीक वाकडेपणा मोजणारे काट्याचे उपकरण, लावून मी शाफ्ट हाताने सावकाश फिरवला, तर काटा पाव मिलिमीटरच्या आसपास सरकला. पंखा कशावर तरी जोरात आपटल्याशिवाय फ्लँज सहसा असा वाकत नाही, आणि असा धक्का बसलेले इंजिन पूर्ण उघडून तपासल्याशिवाय वापरूच नये. एक सिलिंडर उतरवला तेव्हा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर गंजाचे खड्डे दिसले. या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन महिनोन्महिने बंद राहिले की तेथले तेल ओघळून जाते आणि दमट हवेत गंज सुरू होतो. या इंजिनाच्या ओव्हरहॉलची मुदत उत्पादकाने २,४०० तास किंवा बारा वर्षे, जे आधी येईल ते, अशी ठरवलेली आहे. त्यामुळे ‘फक्त चाळीस तास’ या शब्दांना वर्ष सांगितल्याखेरीज काही अर्थ नाही. ते वर्ष मी विचारलेच नव्हते. फ्लँजची पाच मिनिटांची तपासणी तरी मी पैसे देण्यापूर्वी त्या शेडमध्ये करू शकलो असतो. डायल इंडिकेटर माझ्या गाडीच्या डिकीत होता.

कागदपत्रांचे सत्य भाच्याने शोधले. विमानाच्या बाजूवर पुसट दिसणारा अमेरिकन नोंदणी क्रमांक त्याने तेथील विमान वाहतूक प्रशासनाच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदवहीत तपासला. “मामा, नोंदणी रद्द झाली आहे,” तो म्हणाला, “पण कारण निर्यात नाही, नष्ट झाल्याचं आहे.” कागदोपत्री नष्ट झालेल्या एका विमानाचे धड आणि दुसऱ्या कुठल्यातरी विमानाचा पंख जोडून मला एक विमान विकण्यात आले होते. ‘एजंटकडून’ अखेर आलेल्या आयातीच्या कागदावर या मालाचे वर्णन फायबरचे सुटे भाग असे होते, विमान हा शब्द त्यात कोठेही नव्हता. बांधणाऱ्याने ठेवलेली नोंदवही आणि बांधणीच्या टप्प्यांची छायाचित्रे तर नव्हतीच. रुटान यांच्या कंपनीने आराखड्यांची विक्री १९८५ मध्ये थांबवली आणि प्रत्येक संचाला अनुक्रमांक होता. तो क्रमांकही विक्रेत्याला सांगता आला नाही.

भारतात असे विमान उडवायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी व्हावी लागते आणि उड्डाणाची परवानगी मिळावी लागते. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर स्वतःचे विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, आणि त्यांच्यापाशी तर आपल्या विमानाच्या प्रत्येक रिव्हेटचा हिशेब होता. इतिहासच नसलेल्या विमानासाठी कोणता अधिकारी सही करेल? “नोंदणीचे मी बघतो, ओळख आहे,” असे विक्रेता म्हणाला होता. त्या वाक्याला भुलून व्यवहार करणे ही माझी चूक होती आणि ती मी येथे मान्य करतो.

एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण ती केवळ लबाडीशी नव्हे तर जिवाशी निगडित आहे. अशी विमाने प्रत्येक बांधणारा आपल्या सोयीने थोडी बदलतो आणि ते बदल विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतात. गायक जॉन डेन्व्हर ऑक्टोबर १९९७ मध्ये नुकत्याच विकत घेतलेल्या लाँग-ईझीमध्ये मृत्युमुखी पडले. त्या विमानात इंधनाच्या टाक्या बदलण्याची कळ बांधणाऱ्याने आराखड्यातील जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती, आणि तिच्याकडे वळताना विमानावरील ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. माझ्याकडे आलेल्या धडातही ती कळ मूळ जागी नव्हती. आराखडा समोर ठेवून कळ न् कळ जुळवून पाहिल्याशिवाय अशा विमानात कोणीही बसू नये.

पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा ‘जसे आहे तसे’ या अटीमुळे हा दिवाणी वाद असल्याचे मला सांगण्यात आले. वकिलांमार्फत नोटीस दिली, तिला उत्तर आले नाही. आता कसबा बावड्यातील न्यायसंकुलात दावा चालू आहे. वकिलांच्या मते माझ्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा विक्रेत्याने मोबाइलवर लिहून पाठवलेला ‘सुधारित पुढचा पंख, चाळीस तास’ हा एक संदेश आहे. शेडमध्ये तोंडी दिलेली इतर सगळी आश्वासने आज हवेत आहेत. जे सांगितले जाईल ते लिहून मागावे आणि लिहून देण्यास जो टाळाटाळ करेल त्याच्या दारातून परत फिरावे, असे मी आता प्रत्येकाला कळकळीने सांगतो. पैसे देण्यापूर्वी दिवसाउजेडी जावे, नोंदणी क्रमांक आधी घरी बसून तपासावा, पंख खाली उतरवून मोकळे ठेवायला लावावेत, वजन करावे आणि फायबरचे काम जाणणारा माणूस, त्याचा प्रवासखर्च देऊन का होईना, सोबत न्यावा. मी अण्णांना तीन हजार रुपयांचे भाडे देऊन आधी नेले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

धड आणि इंजिन न्यायालयाच्या कामासाठी तसेच ठेवले आहे. डावा पंख मात्र पंचनाम्यानंतर मी वर्कशॉपच्या भिंतीवर, कापलेली खिडकी बाहेर दिसेल असा टांगला आहे आणि शेजारी उजवा पंख ठेवला आहे. अण्णांचे नाणेही तेथेच दोरीला बांधलेले आहे. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव भागातील कोणी असे विमान घेण्याच्या विचारात असेल, तर त्यांनी विसार देण्यापूर्वी उद्यमनगरात यावे, ते नाणे हातात घ्यावे आणि दोन्ही पंखांचा आवाज आपल्या कानांनी ऐकून जावे.