औषधाची माहिती : तोंडी की लेखी?

वडिलांची औषधे घेताना औषधविक्रेत्याकडून सारे तोंडी समजून घ्यावे की पाकिटावर लिहून घ्यावे, असा प्रश्न एका स्नेह्यांना पडला आहे.

लक्षात राहण्याच्या दृष्टीने लेखी सूचना उजवी ठरते. ‘फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५’ नुसार रुग्णाला समुपदेशन करणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम असले, तरी संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर ऐकलेले घरी पोचेपर्यंत विरून जाते. मात्र पाकिटावरचे ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) केवळ वेळ सांगते. थायरॉइडवरचे थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायचे असते, हे त्यात येत नाही. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते, म्हणून तिच्या पाकिटावर ठरलेला वार ठळक अक्षरांत लिहून घ्यावाच.

कृती शिकायची असेल तेव्हा कागद तोकडा पडतो. इनहेलर दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ कुणी करून दाखवल्याशिवाय सहसा जमत नाही; स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरायची, हेही त्याच वेळी सांगितले जाते, निदान जायला हवे. वेळ अर्थातच तोंडी सांगण्यात अधिक जातो.

रोजच्या अनेक गोळ्या असतील किंवा रुग्ण विसरभोळा असेल, तर लेखी सूचना घ्यावी; इनहेलर, इन्सुलिन पेन किंवा वाचता न येणारा रुग्ण असेल, तर तोंडी, तेही गर्दी नसताना.