अंगणवाडीच्या बाईंशी बोलायचं कुठं: ग्रुपवर की दारात?

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांची पोरं. घरी मराठी, सरकारी कागद कानडीत. बाईंशी बोलायच्या वाटा दोन: व्हॉट्सअॅप ग्रुप आणि सुटतानाचं दार.

सुट्टी, लसीकरण, वजनाचा दिवस यांसाठी ग्रुपच बरा. कानडी सूचना कळली नाही तर बाई मराठीत बोलून पाठवतात, ते आजीलाही ऐकवता येतं.

पण पोराचं खरं दुखणं दारातच कळतं. मागच्या पावसाळ्यात माझी मुलगी घरी आली की धावत मोरीत जायची. ग्रुपवरच्या फोटोत मात्र हसरी! शेवटी दारात विचारलं. बाई बाजूला घेऊन म्हणाल्या, "संडासाची कडी लावली की घाबरते हो ती, म्हणून दिवसभर दाबून धरते." दुसऱ्या दिवसापासून दार नुसतं लोटून बाहेर मदतनीस ताई उभ्या राहू लागल्या. चार दिवसांत धावणं थांबलं. हे सगळ्या पालकांसमोर मी लिहिलं नसतं, बाईंनीही नाही.

दारात गर्दी असते, कामावरच्या आईबापांना रोज जमत नाही, खरं आहे. तरी आठवड्यातून एकदा जाच. औषध किंवा अॅलर्जी असेल तर मात्र दोन्हीवर विसंबू नका, चिठ्ठी लिहून बाईंच्या हातात द्या.